मूळगाव नसलेल्यांसाठी ‘मूळगाव कर’: जपानच्या फुरुसातो नोझेईचा सहा वर्षांचा अनुभव

गेल्या रविवारी माझा भाचा पाचपाखाडीतल्या आमच्या घरी आला होता. तो ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि येत्या एप्रिलपासून दोन वर्षांसाठी टोकियोला जाणार आहे. चपला काढता काढताच त्याने विचारले, “मामा, तिकडे कर भरला की घरी तांदूळ येतो म्हणे, खरं आहे का?” त्याच्या कंपनीतल्या कोणी तरी त्याला फुरुसातो नोझेईबद्दल अर्धवट सांगितले होते. मी एप्रिल २०१७ ते डिसेंबर २०२३ या काळात टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशि-कासाई या भारतीयांच्या दाट वस्तीच्या भागात राहिलो आणि त्यातली सहा वर्षे ही योजना नियमाने वापरली. त्याला तासभर जे सांगितले ते ठाणे, ऐरोली, महापे इथून दरवर्षी जपानला जाणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून हे परीक्षण लिहितो आहे. माझे मत आधीच सांगतो. परदेशी रहिवाशाच्या मधल्या वर्षांसाठी मी या योजनेला पाचपैकी साडेचार तारे देईन, आणि देश सोडण्याच्या वर्षासाठी एकच.

‘फुरुसातो’ म्हणजे मूळगाव आणि ‘नोझेई’ म्हणजे करभरणा, पण नाव कराचे असले तरी कायद्याच्या दृष्टीने ही देणगी आहे. जपानमध्ये केंद्राच्या आयकराखेरीज रहिवासी कर असतो. तो करपात्र उत्पन्नाच्या सुमारे १० टक्के असून त्यातला साधारण ६ टक्के भाग आपल्या नगरपालिकेला आणि ४ टक्के प्रांताला जातो. आपण राहतो त्या गावाऐवजी देशातल्या दुसऱ्या कोणत्याही गावाला किंवा शहराला देणगी दिली, तर ठरावीक मर्यादेपर्यंत २,००० येन वगळून उरलेली सगळी रक्कम आयकरातून आणि रहिवासी करातून वजा होते. देणगी घेणारे गाव वर आभारादाखल एक भेटवस्तू पाठवते. म्हणजे आपला खर्च २,००० येन, तेव्हाच्या दराने अकराशे-बाराशे रुपये, आणि त्या बदल्यात घरी येणार १० किलो तांदूळ, पेटीभर सफरचंदे किंवा टॉवेलांचा संच. कर कमी झाला असे मात्र कोणी समजू नये. जी रक्कम पुढच्या वर्षी भरायची होती तीच आज दुसऱ्याच्या दारात भरली, इतकेच होते.

ही कल्पना आली ती गावाकडून शहराकडे होणाऱ्या ओघातून. मुले गावात वाढतात, त्यांच्या शाळेचा आणि औषधपाण्याचा खर्च गाव करते, आणि कमवायच्या वयात ती टोकियो किंवा ओसाकाला जाऊन तिथे कर भरतात. फुकुई प्रांताचे तेव्हाचे राज्यपाल इस्सेइ निशिकावा यांनी अशी सवलत मागितली होती आणि योशिहिदे सुगा अंतर्गत व्यवहार मंत्री असताना तिला सरकारी गती मिळाली. २००८ मध्ये योजना सुरू झाली. हे सगळे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या गावाचे मुंबई मंडळ गेली कित्येक दशके चाकरमान्यांकडून वर्गणी गोळा करून शाळेचे छप्पर, देवळाचा सभामंडप आणि पाण्याची टाकी असली कामे करत आले आहे, आणि त्या वर्गणीची पावती आयकराच्या कामी कधीच येत नाही. फार तर शिमग्यात हाती नारळ मिळतो. जपानी सरकारने त्या नारळाला कायद्यात बसवले, असे मी आईला समजावले तेव्हा तिला ते लगेच पटले.

परदेशी माणसाचे जपानमध्ये मूळगाव नसते, पण कायदा तसा काही पुरावा मागतच नाही. नागरिकत्व, व्हिसाचा प्रकार किंवा गावाशी नाते यांपैकी काहीही न पाहता जपानमध्ये आयकर आणि रहिवासी कर भरणाऱ्या कोणालाही ही सवलत मिळते. ज्या गावात आपण राहतो तिथून मात्र भेटवस्तू मिळत नाही. मला ही योजना आवडण्याचे एक कारण हेच आहे, की परक्या देशातल्या करदात्याला तिथल्या माणसाइतकाच हक्क देणाऱ्या गोष्टी फार नसतात.

आता मर्यादेचे पाहू, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. अंतर्गत व्यवहार मंत्रालयाच्या तक्त्यानुसार ५० लाख येन वार्षिक पगार असलेल्या एकट्या माणसाला सुमारे ६१,००० येनपर्यंत देणगी देता येते. ६० लाख पगार आणि मिळवती नसलेली पत्नी असेल, तर सुमारे ६९,००० येनपर्यंत. मर्यादेच्या वर गेलेला प्रत्येक येन बव्हंशी खरोखरची देणगी ठरतो. आपल्या लोकांची चूक अशी होते, की ते तक्त्यातला आकडा पाहतात आणि इकडचे आईवडील अवलंबित म्हणून दाखवले आहेत हे विसरतात. अवलंबित वाढले की करपात्र उत्पन्न घटते आणि त्याबरोबर देणगीची मर्यादाही खाली येते. नौपाड्यात राहणारी माझी आई माझ्यावर अवलंबित होती, म्हणून तक्त्यात ६९,००० दिसत असूनही मी ५०,००० च्या पुढे कधी गेलो नाही. (२०२३ पासून परदेशातील ३० ते ६९ वयाच्या बहुतेक नातेवाइकांना अवलंबित दाखवायचे, तर प्रत्येकाला वर्षाला किमान ३ लाख ८० हजार येन पाठवल्याचा पुरावा लागतो, तेव्हा ज्यांचे आईवडील साठीतले आहेत त्यांनी दोन्ही हिशेब एकत्र मांडावेत.)

डेप्युटेशनवर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याला हातात ठरलेला पगार देतात आणि जपानचा कर स्वतः भरतात. अशा करारात देणगी आपण दिली तरी वाचलेला कर कंपनीच्या खात्यात जातो आणि आपल्याकडे येतो तो फक्त तांदूळ, तोही आपल्याच पैशाने महागात घेतलेला. भाच्याच्या नेमणूकपत्रात याबद्दल एक संदिग्ध ओळ आहे, म्हणून मी त्याला सोमवारी आधी मनुष्यबळ विभागात जायला सांगितले. पहिल्या वर्षाविषयीचा समजही चुकीचा आहे. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी रहिवासी कर नसतो, म्हणून ही योजना त्याच्यासाठी नाही असे मलाही २०१७ मध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते आणि मी ते वर्ष सोडून दिले. वस्तुतः रहिवासी कर मागल्या वर्षाच्या उत्पन्नावर आकारला जातो आणि तो जूनपासून पुढच्या मेपर्यंत पगारातून कापला जातो. म्हणून एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांच्या पगारावर जी मर्यादा निघते, तेवढी देणगी पहिल्या वर्षीही खुशाल देता येते.

संकेतस्थळांचा अनुभव मात्र संमिश्र आहे. बहुतेक लोक फुरुसातो चॉइस, सातोफुरु, राकुतेन अशा मध्यस्थ संकेतस्थळांवरून देणगी देतात आणि ती सगळी दिसायला किराणा मागवण्याच्या ॲपसारखी असतात. एका संकेतस्थळावर माझ्या नावाने मला चांगलेच छळले. पासपोर्टवर आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन तुकडे असल्यामुळे माझ्या झायर्यू कार्डावर, म्हणजे तिथल्या निवास ओळखपत्रावर, आडनाव आधी आणि मग माझे व वडिलांचे नाव सलग रोमन लिपीत छापलेले होते. त्या संकेतस्थळाच्या नावाच्या रकान्यात रोमन अक्षरे चालत नव्हती, म्हणून मी काताकाना या जपानी लिपीत नाव लिहिले आणि जागा पुरेना म्हणून वडिलांचे नाव गाळले. तीन आठवड्यांनी क्यूशूतल्या एका नगरपालिकेतून फोन आला, की अर्जावरचे नाव ओळखपत्राशी जुळत नाही. बाई अतिशय नम्र होत्या, पण अर्ज परत आला आणि तोही ऐन डिसेंबरात. तेव्हापासून मी नोंदणीच्या वेळीच शेऱ्यात रोमन लिपीतले पूर्ण नाव लिहून ठेवत असे. पैसेही करदात्याच्याच नावाच्या कार्डाने भरावेत. कुटुंब व्हिसावर आलेल्या आणि उत्पन्न नसलेल्या पत्नीच्या नावाने देणगी दिली, तर तिला वजा करायला करच नसतो.

सवलत मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला एप्रिल २०१५ पासून सुरू झालेला ‘वन-स्टॉप’ मार्ग. ज्याला एरवी विवरणपत्र भरावे लागत नाही अशा पगारदाराने वर्षात जास्तीत जास्त पाच गावांना देणगी दिली, तर प्रत्येक गावाला एक अर्ज आणि माय नंबरचा, म्हणजे तिथल्या आधारसारख्या ओळख क्रमांकाचा, पुरावा पाठवायचा. तो पुढच्या वर्षीच्या १० जानेवारीपर्यंत पोहोचला पाहिजे, टपालात पडून उपयोग नाही. माय नंबर कार्ड असेल, तर आता बऱ्याच गावांचे हे काम मोबाइलवर होते. दुसरा मार्ग म्हणजे १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळात नेहमीचे विवरणपत्र भरणे. या दोन मार्गांच्या मधे एक खड्डा आहे आणि आपली माणसे त्यात हमखास पडतात. वन-स्टॉपचे सगळे अर्ज वेळेत गेले आणि नंतर दवाखान्याच्या खर्चासाठी किंवा अवलंबितांची राहिलेली नोंद करण्यासाठी विवरणपत्र भरले, की आधीचे सर्व वन-स्टॉप अर्ज आपोआप रद्द होतात. निशि-कासाईतल्या आमच्या एका शेजाऱ्याने असेच आईवडिलांसाठी विवरणपत्र भरले, देणग्या त्यात लिहिल्या नाहीत आणि जूनमध्ये पगारपत्रकाबरोबर आलेली रहिवासी कराची लांबट चिठ्ठी न वाचताच कपाटात टाकली. ती चिठ्ठी वर्षभराने माझ्या पाहण्यात आली तेव्हा देणगीच्या वजावटीचा उल्लेख कुठेही नव्हता. सुदैवाने पाच वर्षांपर्यंत दुरुस्तीची मागणी करता येते, त्यामुळे त्याचे पैसे अखेरीस परत आले. जूनमधली ती चिठ्ठी एवढी एकच गोष्ट दरवर्षी न चुकता वाचावी.

भेटवस्तूंविषयी बोलायचे, तर यादीत वर झळकणाऱ्या वस्तूंपैकी निम्म्या तरी आपल्यातल्या बहुतेक घरांना निरुपयोगी आहेत. मियाझाकी प्रांतातले मियाकोनोजो शहर गोमांस आणि शोचू या मद्याच्या बळावर वर्षानुवर्षे देणग्यांच्या यादीत अग्रभागी राहिले आहे, आणि होक्काइदोतले मोन्बेत्सु शिंपल्यांच्या आणि खेकड्यांच्या जोरावर. माझी पत्नी शाकाहारी असल्याने आमची खरेदी तांदूळ, फळे आणि टिकाऊ वस्तू अशीच राहिली. नीगाताचा कोशिहिकारी तांदूळ उत्तम असतो, पण तो शिजल्यावर चिकटतो. इंद्रायणीची सवय असलेल्याला तो दहीभाताला आणि वरणभाताला फार आवडेल. मसालेभाताचा मात्र त्यात गोळा होतो. यामानाशीचे पीच आणि ओकायामाची शाइन मस्कट द्राक्षे यांना मी काहीही नावे ठेवणार नाही. मियाझाकीचा ‘सूर्याचे अंडे’ नावाचा आंबाही एका वर्षी मागवून पाहिला, ज्याच्या एका जोडीला २०१९ च्या पहिल्या लिलावात ५ लाख येन मिळाले होते. आंबा देखणा होता, कापसात निजवलेला होता आणि गोडही होता. पण हापूसची पेटी उघडल्यावर घरभर जो वास पसरतो तो त्याला नव्हता, आणि दोन फळांसाठी मी पुन्हा कधी देणगी दिली नाही. सर्वांत समाधान दिले ते फुजी शहराच्या टॉयलेट पेपरच्या खोक्यांनी, इमाबारीच्या टॉवेलांनी आणि साकाईच्या सुरीने. ती सुरी आजही आमच्या ओट्यावर आहे. गेल्या वर्षी दारावर आलेल्या धारवाल्याने ती चाकावर धरून तिच्या पात्यावर चरा पाडला, त्यात साकाईच्या कारागिराचा दोष नाही.

भेटवस्तूंचे नियम माझ्या देखत बदलत गेले. ओसाकाजवळच्या इझुमिसानो शहराने अ‍ॅमेझॉनची कुपनेसुद्धा वाटून २०१८-१९ या एकाच वर्षात सुमारे ४,९७० कोटी येन गोळा केले, आणि मग जून २०१९ पासून सरकारने कायदा कडक केला. भेटवस्तूची किंमत देणगीच्या ३० टक्क्यांहून अधिक नसावी, ती स्थानिक असावी आणि सगळा खर्च मिळून निम्म्यावर जाऊ नये, असा तो नियम. इझुमिसानोला योजनेबाहेर काढल्यावर ते शहर न्यायालयात गेले आणि ३० जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकले. गमतीचा भाग असा, की न्यायाधीशांनीही शहराच्या वागण्यावर ताशेरे मारूनच निकाल त्याच्या बाजूने दिला. पुढे ऑक्टोबर २०२३ पासून खर्चाचा हिशेब आणखी आवळला गेला आणि त्याच देणगीत येणारे तांदूळ कमी झाले. ऑक्टोबर २०२५ पासून संकेतस्थळांनी देणगीवर पॉइंट देणेही बंद केले आहे. मी ते पॉइंट मनसोक्त वापरले. भाच्याला ते मिळणार नाहीत, म्हणून त्याने जुन्या चित्रफितींमधले हिशेब खरे मानू नयेत.

योजनेची दुसरी बाजू मला उशिरा दिसली. आमच्या मुलाच्या पाळणाघराचा मोठा खर्च एदोगावा वॉर्ड उचलत होता आणि मी त्याच वॉर्डाचा कर टॉवेलांसाठी एहिमे प्रांतातल्या इमाबारीला पाठवत होतो. देणग्यांमुळे एखाद्या गावाचे जे उत्पन्न बुडते त्यातले ७५ टक्के केंद्र सरकार बहुतेक ठिकाणी भरून देते, पण टोकियोचे २३ वॉर्ड आणि कावासाकीसारखी काही शहरे सधन समजली जात असल्याने त्यांना ती भरपाई मिळत नाही. सर्वांत मोठी रक्कम योकोहामाची जाते. २००८-०९ मध्ये देशभर सुमारे ८१४ कोटी येन असलेल्या या देणग्या २०२३-२४ मध्ये १ लाख ११ हजार कोटी येनच्या वर गेल्या, तेव्हा ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी राहिलेली नाही. शिवाय ज्याचा पगार मोठा त्याची मर्यादा मोठी, म्हणजे सर्वाधिक आंबे सर्वाधिक कमावणाऱ्याच्या घरी जातात. माझे अर्ध्या ताऱ्याचे गुण यासाठी कापले आहेत, आणि खरे तर पूर्ण तारा कापायला हवा होता.

आता शेवटच्या वर्षाविषयी. रहिवासी कर कोणाकडून घ्यायचा हे १ जानेवारीला तो कुठे राहत होता यावरून ठरते. ऑक्टोबर २०२३ ला नियम कडक होणार म्हणून सगळ्यांप्रमाणे मीही सप्टेंबरमध्येच पूर्ण ५०,००० येनची देणगी देऊन टाकली: तांदूळ, टॉवेल आणि पुढच्या जुलैत येणाऱ्या यामानाशीच्या पीचची आगाऊ नोंदणी. नोव्हेंबरात बदलीचा आदेश आला आणि २० डिसेंबरला आम्ही ठाण्यात होतो. १ जानेवारी २०२४ ला मी जपानचा रहिवासी नसल्यामुळे त्या वर्षीचा रहिवासी करच लागला नाही, आणि जो कर नाही त्यातून काय वजा होणार? निघण्याआधी एका मित्राला कर-प्रतिनिधी नेमले होते म्हणून त्याने माझे विवरणपत्र भरले आणि आयकरातून सुमारे ४,९०० येन परत आले. उरलेले ४५,१०० येन फार तर १५,००० येनच्या वस्तूंसाठी गेले. चरफडत हा हिशेब आईला सांगितला, तर तिने विचारले, “मग तो कर भरावा लागला असता तर किती होता?” दोन लाख येनहून अधिक होता. त्यानंतर मी ही तक्रार घरात काढत नाही. बाहेर मात्र काढतो, कारण कोणत्याही संकेतस्थळाने देणगी घेताना ‘येत्या १ जानेवारीला आपण जपानमध्ये असाल का’ हा एक प्रश्न मला सहा वर्षांत कधीही विचारला नाही.

त्याच १ जानेवारीला दुपारी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि वाजिमाचा सकाळचा बाजार आगीत जळाला. २०२१ मध्ये आम्ही त्या शहराला देणगी देऊन लाखकाम केलेल्या चॉपस्टिकच्या दोन जोड्या मागवल्या होत्या. निशि-कासाईतल्या मित्रांनी त्या आठवड्यात भेटवस्तू न घेता वाजिमाला आणि सुझुला देणग्या दिल्या. कोलमडलेल्या नगरपालिकांवर पावत्यांचे ओझे नको म्हणून दुसरी शहरे त्यांच्या वतीने कागदपत्रे सांभाळत होती. योजनेचा इतका चांगला उपयोग मी स्वतः सहा वर्षांत केला नव्हता, आणि करावासा वाटला तेव्हा मी वजावट मिळण्याच्या अवस्थेत उरलो नव्हतो.

भाच्याचे कंत्राट मार्चअखेरीस संपते. मी त्याला कागदावर मांडून दिले, की पहिल्या वर्षाच्या नऊ महिन्यांवर आणि दुसऱ्या पूर्ण वर्षावर देणगी द्यावी, कारण त्या दोन्ही वर्षांनंतरच्या १ जानेवारीला तो तिथे असेल; निघण्याच्या वर्षातल्या जानेवारी ते मार्चमध्ये मात्र कितीही मोह झाला तरी काही देऊ नये. दुसऱ्या वर्षाचा रहिवासी कर तो परतल्यावर जूनमध्ये आकारला जाईल, तेव्हा विमानात बसण्याआधी तिथे कर-प्रतिनिधी नेमणे किंवा आगाऊ कर भरणे भाग आहे. जुलैत पिकणारी फळे शेवटच्या वर्षी मागवू नयेत, कारण पार्सल फक्त जपानमध्येच पोहोचते. आमचे पीच त्या जुलैत मित्राच्या घरी गेले आणि त्याने त्यांचा फोटो पाठवला. कागद घडी करून खिशात ठेवताना भाच्याने विचारले, “मामा, आईने टॉवेल सांगितलेत. ते कुठल्या गावाचे?” मी त्याला इमाबारी असे काताकानात लिहून दिले.